सईबाईंच्या खोलीची भिंत

सुनंदा सोलापूरची. लग्न होऊन चेन्नईजवळ तांबरमला आली तेव्हा तिला तमिळ अजिबात येत नव्हतं आणि सासूबाईंचं मराठीसुद्धा निम्मंच कळायचं. सासूबाई, म्हणजे सईबाई, तंजावरच्या. त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या मराठीच बोलत, पण ते जुन्या वळणाचं, मधे मधे तमिळ शब्द पेरलेलं आणि तमिळच्याच हेलात. पंचवीस वर्षांत सुनंदाला दोन्ही भाषा येऊ लागल्या. एअर फोर्स स्टेशनच्या ऑफिसात ती कारकून होती. नवरा रत्नाकर रेल्वेत गार्ड, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. मुलगा कौशिक बंगळूरला नोकरीला. म्हणजे घरी सुनंदा आणि सईबाई.

चार वर्षांपूर्वी सईबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुबा मोडला. तेव्हापासून त्या मागच्या खोलीत असायच्या. वॉकर धरून संडासापर्यंत जायच्या, तेवढंच. खोलीला एक खिडकी होती, ती त्यांनी कायम बंद ठेवायला लावलेली. वारा लागून पाय ठणकतो म्हणत. फटींत त्यांनी जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले होते. त्यांची लुगडी त्याच खोलीत दोरीवर वाळत घालायची. बाहेर घातली तर कोणी नेईल, अशी त्यांना भीती.

२००५ साली ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला तो डिसेंबरपर्यंत धड थांबलाच नाही. गल्लीत गुडघाभर पाणी. पाणी ओसरलं तोवर सईबाईंच्या पलंगामागची भिंत खालपासून छातीइतक्या उंचीपर्यंत काळी पडली होती. दरवर्षी थोडी पडायचीच. रत्नाकर दरवर्षी जानेवारीतल्या पोंगलच्या सणाआधी कोणाला तरी बोलावून एका दिवसात रंग मारून घ्यायचा. पुढच्या पावसाळ्यात तो रंग पोपडे होऊन गळायचा.

यंदा सईबाईंचा खोकला राहीना. सुनंदा त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध लिहून दिलं आणि खोली कशी आहे ते विचारलं. सुनंदाने भिंतीचं सांगितलं. आधी ती बुरशी काढा, नाहीतर औषध देऊन उपयोग नाही, असं ते म्हणाले. घरी येताना सुनंदाच्या मनात एवढंच आलं, की हे कामही आता आपल्याच अंगावर पडणार.

पलीकडच्या गल्लीतल्या गुरुमूर्ती मेस्त्रीला तिने बोलावलं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. त्याने भिंतीला तळहात लावला, नखाने पोपडा उचकटला आणि घराबाहेर गेला. मागच्या बाजूने गच्चीवरून येणारा पाण्याचा पाइप मधोमध फुटला होता आणि सगळं पाणी त्याच भिंतीवरून उतरत होतं. तो म्हणाला, आधी हा पाइप बदला. मग भिंत महिनाभर वाळू द्या. मग बुरशी मारायची, पुन्हा वाळवायचं, आणि रंग शेवटी. पोंगलच्या आधी तो हात लावणार नव्हता.

रत्नाकर त्या दिवशी घरी होता. तो वैतागला. दुसरा माणूस एका दिवसात करून देईल, म्हणाला.

"गेली तीन वर्षं एका दिवसातच होतंय," सुनंदा म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी रत्नाकरने प्लंबरला सांगून पाइप तेवढा बदलून घेतला.

फेब्रुवारीत गुरुमूर्ती परत आला. त्याने भिंत पाहिली आणि पलंग, कपाट सगळं पंधरा दिवस बाहेर काढा म्हणून सांगितलं. बुरशी काढायचं काम मात्र तो करणार नव्हता. तरुणपणी तोंडाला फडकंही न बांधता त्याने कितीतरी भिंती कोरड्याच खरवडल्या होत्या, आता ब्लीचिंगच्या नुसत्या वासाने त्याची छाती धरायची. कसं करायचं ते त्याने समजावून सांगितलं. सुनंदाने ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली. पंचवीस वर्षांत तिने कोणाच्या ना कोणाच्या आजारपणासाठीच रजा घेतली होती. ही भिंतीसाठी होती.

सईबाईंचा पलंग हॉलमध्ये न्यायचं ठरलं. त्यांना सांगितलं तर त्यांनी मान फिरवली. सुनंदाने सकाळी समजावलं, दुपारी समजावलं, आणि संध्याकाळी तिचा आवाज चढला. मी नोकरी करू, तुमचं करू, की भिंती धूत बसू, असं काहीतरी ती बोलून गेली. 

"मला हॉलांत नेऊं नको," सईबाई म्हणाल्या. "आमचे घरीं आजीला नेलें, सासूला नेलें. दारासमोर आणून निजवतात तें कशाला, ठाऊक आहे मला. पुन्हा आंत कोणी आणलें नाहीं."

सुनंदा पलंगाच्या कडेला बसली.  चार वर्षं ही बाई इथून हलत नव्हती, खिडकी उघडू देत नव्हती, त्याला तिने हट्ट म्हटलं होतं. अजूनही तो तिला हट्टच वाटत होता, फक्त आता त्याच्यावर रागावता येत नव्हतं.

"मग माझ्या खोलीत झोपा," ती म्हणाली. "मी हॉलमध्ये झोपते."

सईबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तुला चालेल काय?"

"मला कुठेही झोप लागते, आई."

ते खरंच होतं. सईबाई वॉकर धरून, दोनदा थांबून, सुनंदाच्या पुढच्या खोलीत गेल्या. शेजारच्या दोघांनी पलंग आणि सागवानी कपाट बाहेर ओढलं. कपाटामागे भिंत नुसती काळी नव्हती, तिच्यावर राखाडी लव उगवली होती.

सुनंदाने नाकातोंडाला ओला पंचा बांधला, हातांत रबरी मोजे घातले आणि खिडकीतले बोळे उपटून ती सताड उघडली. गुरुमूर्तीने बजावल्याप्रमाणे आधी भिंत पाण्याने भिजवली, म्हणजे बुरशीची पूड उडणार नाही. मग पत्र्याच्या तुकड्याने पोपडे काढले. पिवळा रंग निघाला, खाली फिका हिरवा, त्याच्या खाली मळकट पांढरा. दोन पोती भरली. मग बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून, वरचं नितळ पाणी घेऊन ब्रशने भिंत घासली. त्यात फिनाइल, अ‍ॅसिड, दुसरं काहीही मिसळायचं नाही, हे गुरुमूर्तीने तीनदा सांगितलं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी साध्या पाण्याने धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं तसंच. डोळे चुरचुरत होते, खांदे उचलत नव्हते. मधेच ती मागच्या पायरीवर जाऊन बसायची आणि चहा गार होईपर्यंत पेला तसाच हातात धरून ठेवायची.

नंतर आठवडाभर खिडकी उघडी आणि पंखा चालू. गुरुमूर्तीने रोज येऊन तळहात लावला. शेवटी एकदा मान हलवली, बुरशीचं औषध मारलं, ते सुकल्यावर प्रायमर, पुट्टी, आणि फिकट पांढऱ्या रंगाचे दोन हात. जाताना त्याने सांगितलं, कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, ओले कपडे आत वाळवू नका, खिडकी रोज उघडा. सुनंदा हो म्हणाली. खिडकीवरून आता रोज भांडण होणार, हे तिला दिसत होतं.

तसं काही झालं नाही, कारण सईबाई परत गेल्याच नाहीत. पुढच्या खोलीच्या खिडकीतून गल्ली दिसायची. भाजीवाली यायची, समोरच्या घरातली सुष्मिता नावाची छोटी मुलगी शाळेला जाताना त्यांना हात करायची. पंधरा दिवसांत त्यांना त्याची सवय झाली. ती खिडकी त्यांनी स्वतःहून उघडी ठेवायला लावली. पायाचा ठणका होताच, पण वाऱ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. खोकला कमी झाला, अगदी गेला नाही.

रंग वाळल्यानंतर रत्नाकर ड्यूटीवरून परतला तेव्हा त्याचे कपडे मागच्या खोलीत होते. त्याने विचारलं, आपण आता इथे का? सुनंदाने सांगितलं, आईंना ती खोली आवडली. तो रंगाकडे पाहून चांगला झालाय म्हणाला आणि आंघोळीला गेला.

पुढच्या नोव्हेंबरात पाऊस लागला. एका सकाळी सुनंदाला मागच्या खोलीत छताजवळच्या कोपऱ्यात एक ठिपका दिसला, मोहरीएवढा. ती स्टुलावर चढली, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने तो पुसला, साध्या पाण्याने धुतला आणि पंखा लावून ठेवला. ऑफिसला जायला उशीर झाला होता. तिने सईबाईंच्या हाताशी जेवणाचा डबा ठेवला आणि छत्री घेऊन निघाली.