सिरीजचा बल्ब

भाऊजींचा जुना अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर उघडा पडला होता आणि मला घाम फुटून राहिला होता. सोमवारी ते कानाच्या ऑपरेशनला नागपूरला जाणार. एक कान आधीच गेलेला, दुसऱ्यात गाठ. ती काढताना उरलेलं ऐकू येणंही जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मला ते एवढंच म्हणाले, "जायच्या आधी एकदा यावर ऐकायचं आहे. बघ बाबा." आणि आज शनिवार.

त्याचे स्पीकरला आवाज पुरवणारे आउटपुट ट्रान्झिस्टर जळले होते. बाजारात आता मिळतात ते नकली. नाव तेच, जीव नाही. माझ्याकडे अस्सल अशी एकच जोडी उरली होती, ती लावली. ती गेली की खेळ खलास. म्हणून आम्ही रिपेरिंगवाले मशीन आधी थेट लाइनवर देत नाही, मध्ये सिरीजमध्ये एक बल्ब ठेवतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचते. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो.

बटण दाबलं. बल्ब पेटला आणि लख्ख पेटलेलाच राहिला.

बंद करून जोडी काढली, मीटरवर तपासली. चांगली. बाकीचं तपासलं, तेही चांगलं. पुन्हा लावलं, पुन्हा लख्ख. जेवायला बोलवायला आलेल्या बायकोवर खेकसलो. ताईचा फोन आला, "होईल ना रे?" मी हो म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. कशाच्या जोरावर हो म्हटलं मी?

शेवटी वैतागून बल्बच काढायला हात घातला, तर तो गार. इतका पेटलेला बल्ब गार कसा? नीट पाहिलं तर एलईडी. बायकोला हाक मारून विचारलं.

"जुना झाडताना फुटला," बायको म्हणाली. "म्हणून नवीन लावला. काहून, उजेड कमी पडते का?"

आता हिला काय सांगू? एलईडीला घोटभर करंट पुरतो. आत शॉर्ट असो नसो, तो पेटणारच. इथल्या चेरीताल बाजारातल्या दुकानांत जुना तारेचा बल्ब मागितला तर "भैया, वो अब कहाँ" म्हणून हसले. शेजारच्या काकूंच्या न्हाणीघरात एक होता, तो मागून आणून लावला. या वेळी तो भपकन उजळला आणि मंद झाला. मी खाली बसलो.

रविवारी ऑटोत मांडीवर घेऊन अ‍ॅम्प्लिफायर राइट टाउनला ताईच्या घरी नेला. भाऊजींनी आवडीची कॅसेट लावली, डोळे मिटले. मी मात्र खरखर शोधत उभा. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि त्यांनी उठून बटण बंद केलं.

"काय झालं भाऊजी? आवाज फाटून राहिला का?"

"नाही रे. मस्त झालं."

ताई पलंगावर बॅग भरत होती. त्यांनी तिच्याजवळ खुर्ची ओढली आणि ऐकू येणारा कान तिच्याकडे केला. "आता तू बोल."

"मी काय बोलू?"

"काहीही."

ताई हातातला टॉवेल घडी करत राहिली. मग म्हणाली, "रात्रीला बेसन करू का?"

"अजून बोल," भाऊजी म्हणाले.