माझ्या वहीतला पाऊस

आमच्या शाळेच्या आवारात, तारेच्या कुंपणात, एक पर्जन्यमापक उभं आहे. रोज सकाळी साडेआठला त्यातली बाटली काढायची, पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचून वहीत लिहायचा आणि तहसीलला कळवायचा, एवढंच काम. आमचे मुख्याध्यापक निवृत्त होताना ते माझ्या गळ्यात घालून गेले, आणि जोडीला एक सल्लाही देऊन गेले. "बाई, रकाना कोरा ठेवाचा नाई. कोरा दिसला का पत्र येते. अन् लय मोठा आकडाबी लिहाचा नाई. मोठा दिसला का साहेब येते." मी दोन्ही गोष्टी तंतोतंत पाळल्या. गुणी होते ना मी!

माझं घर आणि शाळा यांच्या मध्ये नाला आहे. एरवी त्यात चिमणीही बुडायची नाही. पण खरा पाऊस झाला की त्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली जातो आणि साडेआठ वाजता मी अलीकडे, पर्जन्यमापक पलीकडे. अशा सकाळी मी अंगणातल्या घमेल्यात डोकावायची, जरा विचार करायची आणि साहेब येणार नाही इतपत आकडा लिहायची. दुपारी पाणी ओसरल्यावर शाळेत जावं, तर बाटली काठोकाठ भरून वाहिलेली असायची. ती मी न मोजता ओतून द्यायची, कारण मोजली असती तर सकाळचा आकडा खोटा पडला असता. म्हणजे बारीक पाऊस मी दशांशापर्यंत खरा लिहिला, आणि मोठा पाऊस दरवेळी अंदाजानं आणि कमी. यात कुणाचं काही बिघडत असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

मग एका उन्हाळ्यात दोन पाहुणे आले. एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी आणि तिचे साहेब. हवामानाचा नवा उपग्रह आदल्या पावसाळ्याआधी वर गेला होता, त्याची तपासणी चालू होती. तहसीलला कळवलेले आकडे त्यांच्याकडे होतेच, आता त्यांना माझ्या मूळ वह्या हव्या होत्या. माझ्या! मी घाईघाईनं पोहे टाकले.

मुलीनं मला फार छान समजावून सांगितलं. उपग्रहाला जमिनीवर पडलेलं पाणी दिसत नाही. तो ढगाचा माथा बघतो, तो किती थंड आहे ते मोजतो आणि खाली किती पाऊस झाला असेल त्याचा अंदाज बांधतो. तो अंदाज जमिनीवरच्या वह्यांशी ताडून त्याला शिकवावं लागतं. साहेब वह्यांचे फोटो काढत होते. "मॅडम, आपका रेकॉर्ड तो एकदम साफ है," ते म्हणाले. "एक भी दिन खाली नहीं." ज्यांच्या वह्यांत पुराचे दिवस कोरे होते, त्यांची केंद्रं त्यांनी यादीतून गाळली होती. प्रामाणिक माणसं बाहेर, मी आत.

"एकच अडचण आहे," मुलगी म्हणाली. "मोठ्या पावसाच्या दिवशी उपग्रह तुमच्या जवळजवळ दुप्पट पाऊस सांगतो. आधी वाटलं, तुमचीच नोंद चुकत असेल. पण आजूबाजूच्या केंद्रांचे आकडेही तुमच्यासारखेच आहेत. म्हणजे चूक वरची आहे. आम्ही त्याचा आकडा खाली आणू."

जिल्ह्यातल्या नाल्यांना पूर येतो तो एकाच दिवशी. देवरीकडे, सालेकशाकडे अशा सकाळी किती जण माझ्यासारखे घमेल्यात डोकावत असतील? तेव्हाच बोलायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पोह्यांची बशी पुढे केली.

पुढच्या पावसाळ्यात, चाचणीचाच भाग म्हणून, त्या उपग्रहाचे इशारे आमच्या गावात मोबाईलवर येऊ लागले. सगळ्यात जास्त गरज होती ती तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, ढिवर टोलीला, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीला. हा तलाव आमच्या कोहळी पूर्वजांनी बांधला, हे आमच्याकडे लग्नाच्या बैठकीतसुद्धा सांगतात. सांडव्याचं पाणी टोलीच्या अंगाला येतं, हे कुणी सांगत नाही. टोलीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते, लग्न होऊन तिथेच नांदते आहे. मोबाईल तिच्याकडे असतो. मेसेज वाचून निघायचं की राहायचं ते ती ठरवते आणि टोली तिचं ऐकते.

श्रावणातल्या एका सकाळी मेसेज आला, 'मध्यम पाऊस'. नऊ वाजेपर्यंत टोलीत कंबरभर पाणी होतं. पोरंबाळं निघाली. तिच्या सासूच्या पायावर मात्र मातीची भिंत आली. मी दवाखान्यात गेले, तर माझी विद्यार्थिनी खाटेशी बसून होती. "मोबाईलनं मध्यम सांगतलं होतं जी बाई," ती म्हणाली. "म्हनून म्हातारीले उठवलं नाई. झोपू देलं." मी तिच्याकडे बघू शकले नाही.

घरी येऊन त्या शास्त्रज्ञ मुलीला फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. मग तिनं विचारलं, "कोणकोणते दिवस, मॅडम?"

रविवारभर वह्या मांडून बसले. खरा आकडा आणि खोटा आकडा, दोन्ही एकाच पेनानं, एकाच वळणदार अक्षरात. मुलांना मी शुद्धलेखनाचे धडे दिले, त्याच अक्षरात. माझा खोटेपणा मलाच ओळखता येईना. शरमेनं जीव नकोसा झाला.

तसं फोनवर कळवलं. "मग पूर्ण केंद्रच काढून टाकू," शास्त्रज्ञ मुलगी म्हणाली. "पण तुमच्या एकटीवरून तो शिकलेला नाही. बाकीच्यांना कसं विचारायचं? तुमच्यासारखं कोण सांगेल?" पुढच्या तपासणीत हे बघावं लागेल, म्हणाली. ती कधी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यंदा भादव्यात पुन्हा त्या श्रावणातल्या सकाळसारखंच आभाळ आलं. काळं नव्हे, पिवळट, आणि वारा अजिबात नाही. मेसेज आला, 'मध्यम'. मी शाळेत होते. टोलीतल्या माझ्या विद्यार्थिनीला फोन केला. "निघा सगळे. शाळेत या."

"काऊन जी? मोबाईल तं मध्यम सांगून राह्यला."

तेव्हा मी तिला सांगितलं. नाला, घमेलं, वह्या, पोहे, सगळं. ती ऐकत राहिली. "बरं," एवढंच म्हणाली आणि अर्ध्या तासात पूर्ण टोली शाळेच्या व्हरांड्यात आली. सासूला दोघांनी धरून आणलं होतं.

आणि पाऊस मध्यमच पडला. दुपारी ऊन निघालं. सांडव्यावरून थेंबही गेला नाही. चुली बंद, कामं बुडालेली, सुकटीला मांडलेली मासळी भिजून वाया गेलेली. बाया माझ्याकडे न बघता निघाल्या. ती तेवढी थांबली.

"बाई, मोबाईल तुमच्याच वहीवरून शिकला म्हनता. अन् आता तुमी घाबरून सांगून राह्यल्या. मंग आमी कोनाचं आयकाव जी?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. वर्गात गणित अडलं की ती जशी विचारायची, तसंच तिनं विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी छत्तीसगडच्या बाजूनं भरून आलं. मेसेज तोच होता. मी तिला फोन लावला, परत लावला, टोलीतल्या आणखी दोन घरी लावला. रिंग पूर्ण वाजत होती. कुणी उचलला नाही.