हलणारा आकडा

नागोराव सर आकडा कधी पूर्ण वाचत नसत. संगणकासमोर आले की उजव्या हाताचा अंगठा पडद्यावर टेकवायचे, मोठे आकडे त्याखाली झाकायचे आणि अगदी शेवटचा तेवढा उघडा ठेवायचे. आकडा मिनिटामिनिटाला बदलायचा, त्यामुळे चुलीवरच्या दुधाकडे पाहावं तसे ते उभे राहायचे. चार. पाच. पुन्हा चार. मग "हाय, जित्तं हाय," म्हणून अंगठा उचलायचे. पडद्यावर तेलकट ठसा राहायचा. तो पुसायचं काम माझं, कारण त्या खोलीत सगळ्यांत नवीन मी होते.

मावला गावात आमचं लहानसं ऑफिस होतं. नदी-नाल्यांच्या पाण्याची उंची मोजणारी यंत्रं बसवायची आणि सांभाळायची, हे काम. तळाशी बसवलेला सेन्सर वरच्या पाण्याचा दाब ओळखतो, त्याची बारीकशी वीज करतो, काठावरच्या खांबावर टांगलेल्या डब्यात त्या विजेचा आकडा होतो आणि तो आकडा मोबाईलच्या सिमवरून आमच्यापर्यंत येतो. हे सगळं मी कॉलेजात इंग्रजीतून शिकले होते. मराठी माझी घरापुरती. इचोड्याला आईबाबांचं भाजीचं दुकान, तिथं गिऱ्हाइकाशी बोलण्याइतकी. चारचौघांत काही बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

सरांच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. "बोल नं मॅडम! तोंडात इंग्रजी हाय का सुपारी?" मी हसले फक्त. तेव्हा ते लाइनमनकडे वळून म्हणाले, "इची गोष्ट येते आपल्याले, पण उशिरा. नेटवर्क कमजोर हाय."

ते प्रेमळ वगैरे नव्हते. फोनवर तेलुगूत ओरडायचे. दुसऱ्यानं केलेल्या वायरिंगला 'रांगोळी' म्हणायचे आणि ती उपटून नव्यानं करायला लावायचे. माझं काम पटलं तर काहीच बोलायचे नाहीत, हीच शाबासकी. एकदा हैदराबादहून आलेल्या मॅनेजरनं सांगितलं, तो शेवटचा आकडा पडद्यावरून काढून टाका, बडे साहेब विचारतात की पाणी नाचतं का म्हणून. सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "साहब, मुर्दे की नब्ज नहीं हिलती. इसकी हिलती है, तो हिलने दो." मॅनेजर गेल्यावर मला म्हणाले, "ध्यानात ठेव. जित्ती वस्तू हालते. आकडा हालत नसन तं समज, आतमंदी कोणी नाई."

आकडा कसा होतो हे त्यांनी मला शिडीवरून समजावलं होतं. "संगणकाले उंची समजत नाई, पायऱ्या समजते. अन् पायऱ्या त्याच्यापाशी गिनतीच्या. शिडी लांब केली का पायऱ्या दूर दूर जाते, मंग बारीक हालचाल दिसत नाई. शिडी आखूड घे, पायऱ्या जवळ येते." माझ्या पुस्तकात याला वेगळं नाव होतं. मी ते सांगितलं नाही.

पैनगंगेच्या काठी सरांचं गाव होतं. गावाखालून एक नाला नदीला मिळतो. त्या नाल्यावर यंत्र बसवायचं ठरलं तेव्हा मॅनेजरचं म्हणणं होतं की नदीवर लावतो तोच मोठ्या मापाचा सेन्सर लावा, शिल्लक पडलेला आहे. सर भांडले. "नाल्याले नदीची शिडी काऊन?" नाल्याला आजवर आलेलं मोठ्यात मोठं पाणी त्यांनी गावात विचारून काढलं, त्यावर थोडी जागा सोडली आणि आखूड मापाचा सेन्सर मागवला. तो बसल्यावर आमच्या पडद्यावर त्याच्याइतका सुरेख हलणारा आकडा दुसरा नव्हता. गुरं पाण्यात उतरली तरी कळायचं.

नाला आणि नदी यांच्या बेचक्यात सरांच्या धाकट्या बहिणीचा, गिरजाबाईंचा भाजीचा मळा होता. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मळ्यातल्या टिनाच्या खोलीतच त्या राहायच्या. यंत्र बसवलं त्या दिवशी आम्ही तिथंच जेवलो, ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. गिरजाबाई डब्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुह्या डब्ब्याले पाणी समजते, दादा. तहान समजते का? माही मोटर जळाली, ते पाह्य आधी."

त्या बेचक्यातल्या मळेकऱ्यांची एक रीत होती. नाल्याच्या तोंडाशी, नदीला लागून, एक काळा गोटा आहे, बैलाएवढा. पावसाळ्यात तो बुडाला की सगळ्यांनी शेळ्या, अंथरूण, पीठ घेऊन गावात जायचं आणि तो उघडा पडला की परत यायचं. एका पावसाळ्यात असं कितीदा तरी. गिरजाबाई वैतागल्या होत्या. दर वेळी परत यावं तर वानरांनी मळा उपटलेला.

"गोट्याकडं पाहू नको आता," सर म्हणाले. "गोटा अंदाज हाय. हा आकडा हाय. मी फोन करीन, तवा निघजो."

"अन् नाई केला तं?"

"मेलो असीन तं नाई करणार."

गिरजाबाई हसल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली. "खाय वं बाई. याच्या हाताखाली राहाचं तं ताकद लागते."

तो पावसाळा असाच गेला. गोटा बुडायचा, बाकीचे मळेकरी गावात जायचे, गिरजाबाई नाही जायच्या. सर अंगठा लावून बघायचे आणि फोनवर सांगायचे, "झोप आरामात." नाल्याचं पाणी खरोखरच त्यांच्या बांधापर्यंत कधी आलं नाही. आकडा बरोबर होता.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या अंगाला सलग पाऊस झाला. नदीवरची आमची दोन्ही यंत्रं बंद पडली होती आणि सर सकाळपासून त्यांच्या मागे फोनवर होते. पडद्यावरच्या आलेखात नाल्याची रेघ दुपारपर्यंत चढत होती. मग ती थांबली. पुरामुळे हैदराबादहून आलेले मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी श्वास सोडला. "चलो, ठहर गया पानी." त्यांनी तसा निरोप वर पाठवलाही.

मी रेघेकडे बघत होते. चढणारं पाणी थांबतं तेव्हा आधी मंदावतं. ही रेघ कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी आडवी झाली होती. मी वाक्य जुळवत बसले नाही. "सर, हलत नाही," मी म्हणाले, इतक्या मोठ्यानं की मॅनेजर दचकले.

सर आले. अंगठा टेकवला. नऊ. आम्ही एक मिनिट थांबलो. नऊ. पुन्हा नऊ.

"शिडी सरली," सर म्हणाले. "पाणी तिच्याही वर गेलं."

त्यांनी तिथूनच फोन लावला. गिरजाबाईंचा आवाज बारीक होता, पण मला ऐकू येत होता. "दादा? गोटा बुडाला तवाच बाकीचे गेले. तुह्या फोनचीच वाट पाहून राह्यली मी. आता निघू का?"

"निघ. आता निघ, गिरजे, काहीच घेऊ नको."

"नाल्याचं नाई रे हे. मागून आलं, नदीकून. उलटं घुसलं. नाला भरला, वाट भरली." थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. "दादा, कोनीकून निघू?"

सरांना तो मळा पावलापावलानं माहीत होता. मला वाटतं, त्या क्षणी ते मनात सगळ्या वाटा पाहत होते आणि एकही उरलेली नव्हती. मग म्हणाले, "टिनावर चढ." फोन तोवर बंद झाला होता. आम्ही जीप काढली, पण गावाच्या अलीकडेच रस्ता पाण्याखाली होता. सर बोनेटवर चढून पलीकडे पाहत राहिले. टिन दिसत नव्हतं.

पाणी उतरल्यावर गिरजाबाई खालच्या बाभळींत सापडल्या. ट्रॅक्टरवरून आणलं. गावात कुणी सरांना बोल लावला नाही. एक म्हातारे म्हणाले, "नदी उलटी आली, तुमी काय करसाल भाऊ."

"नदी मोठ्या पुरात उलटी येतेच, बाबा," सर म्हणाले. "लहानपणापासून पाह्यलं मी. मले मालूम होतं. मी नाल्याचं पाणी मोजलं."

दिवाळीनंतर मोठ्या मापाचा सेन्सर बसवायला आम्ही दोघं गेलो. लाइनमन सुट्टीवर होता. डब्यावरच्या लहान पडद्यावर आकडा आला. सवयीनं सरांचा अंगठा पुढे झाला. शेवटचा आकडा हलत नव्हता, पायऱ्या दूर गेल्या होत्या. त्यांनी अंगठा मागे घेतला. "याची नजर जाड हाय," म्हणाले. "राहू दे."

शेजारच्या मळ्यातल्या अनसूयाबाई बांधावर येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, आता पाणी आलं का आमालेही फोन करसाल नं?"

"नाई."

"काऊन?"

"गोटा पाहा. गोटा बुडाला का निघा. फोनची वाट पाहू नका. माह्या नाई, कोणाच्याच नाई."

मग त्यांनी जीपमधून खांब रंगवायच्या पांढऱ्या रंगाचा डबा काढला, पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरले. गोट्यावरचं शेवाळ त्यांनी तारेच्या ब्रशनं खरवडलं, उन्हात सुकू दिलं आणि सबंध गोटा रंगवला. मी मदतीला जाऊ लागले तर हातानंच थांबवलं. संध्याकाळ होईपर्यंत ते एकटे तिथं होते.

महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. उन्हाळ्यात ते वारल्याचं कळलं. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या, असं त्यांच्या घरचे म्हणाले. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. आकडा येतो, मी तो पूर्ण वाचते, मग अंगठ्यानं झाकून पुन्हा वाचते. नाल्याची रेघ चढायला लागली की अनसूयाबाईंना फोन करते. सांगायला नाही, विचारायला.

"गोटा दिसतो का?"

त्या दाराशी जाऊन बघतात. तेवढ्या वेळात मला त्यांच्या टिनावरचा पाऊस ऐकू येतो.

"अर्धा दिसून राह्यला, बाई," त्या म्हणतात. "शेळ्या सोडल्या मी. तू ठेव फोन."