शाळेला खिडकी कशाला?

आमच्या गावातले बापये एकत्र आले की भांडायचे. विहिरीवरून भांडायचे, बांधावरून भांडायचे, जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून तर डोकी फुटायची. न भांडता ते एकच काम करत, ते म्हणजे तंबाखूची वखार बांधणं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं जे झालं त्याचं तुम्हाला नवल वाटायला नको. मला मात्र अजून वाटतं. मी म्हातारी झाले, गुडघे गेले, तरी त्या शाळेची आठवण निघाली की माझ्या अंगाची लाही लाही होते.

गाव निपाणीच्या जवळ, सगळी काळी जमीन आणि तिच्यात तंबाखू. मुलग्यांची शाळा देवळामागं होती. मुलींनी तिच्या ओसरीवर बसावं, आतलं ऐकू येईल तेवढं शिकावं, असा रिवाज. माझी आक्का त्या ओसरीवर बसून तिसरीपर्यंत गेली. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, हाडापेरानं मजबूत, आणि वाचायचं तर भारी वेड. दुपारी बायका तंबाखू चाळायला बसल्या की ती त्यांच्यापुढं फाटकी पोथी घेऊन बसायची आणि मोठ्यानं वाचायची. जोडाक्षर आलं की अडायची. बायका चाळणी थांबवून विचारायच्या, "पुढं काय गं? राणीचं काय झालं?" आक्का म्हणायची, "हे अक्षर आमाला अजून झालं न्हाय." मग बायका हळहळायच्या, आणि राणी बिचारी दिवसचे दिवस तिथंच रानात अडकून राहायची.

आक्का थोराड दिसायला लागली तशी चावडीवर बोलणी सुरू झाली, पोरग्यांच्यात पोरगी किती दिवस बसवणार म्हणून. आमच्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडता तरी आलं असतं. त्यांनी आक्काला घरी बसवली. तेवढ्यात जांबोटीकडचं एक स्थळ चालून आलं, भातशेती, गुरंढोरं, खाऊनपिऊन सुखी घर. आक्का जेवेना. तेव्हा आप्पांनी तिला जवळ बसवून सांगितलं, "बोर्डानं पोरींची शाळा दिली, तर तुझी चौथी हुईस्तवर लगीन काढत न्हाय. शब्द हाय माझा." मी तिथंच होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

लोकल बोर्डाचं म्हणणं असं होतं, की गावानं इमारत उभी करावी, शिकवायला बाई आम्ही देऊ. आता आप्पा असे पेटले की विचारू नका. घरोघर फिरले. कुणी ओढ्यातला दगड दिला, कुणी बांधावरचं झाड दिलं, कुणी बैलजोडी दिली. ज्यांच्याकडं काही नव्हतं त्यांनी अंगमेहनत दिली. बायकांनी पाणी वाहिलं, चिखल तुडवला. गवंडी गावातलाच. आणि एकही भांडण झालं नाही! तिथंच आम्हाला शंका यायला हवी होती.

दिवाळीच्या आधी नारळ फोडायला सगळं गाव गोळा झालं. बघते तर काय, जाडजूड भिंती, बैलगाडी आत शिरेल एवढं दोन फळ्यांचं दार, आणि वर पार आढ्याखाली हात जाईल एवढी चार भोकं. आत मिट्ट काळोख. आईनं पदर सावरून आत डोकावलं आणि विचारलं, "खिडकी कुठं हाय?"

गवंडी म्हणाला, "खिडकी? खिडकी कशाला?"

कपाळ माझं! त्या बाबानं जन्मात वखारीशिवाय काही बांधलं नव्हतं. बाकीच्यांनीही हातभार लावला होता तो वखारींनाच. एवढी माणसं महिनोन् महिने दगड उचलत होती, पण इथं पोरी बसून अक्षरं गिरवणार आहेत, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. बरं, चुकलं म्हणावं की नाही? ते नाही. एकानं म्हटलं, "बरंच झालं की. खिडकी असती तर पोरी रस्त्याकडं बघत बसल्या असत्या." झालं! सगळ्यांच्या माना हलल्या. चार दिवसांत तर, आम्ही मुद्दामच खिडकी ठेवली नाही, असं सांगायला लागले. इज्जतीचा प्रश्न हाय म्हणे.

बेळगावहून बाई आल्या. विधवा होत्या, काळी छत्री, बोलणं अगदी शहरी. दारापुढं उभ्या राहून त्यांनी विचारलं, "शाळा कुठे आहे?"

आप्पा छाती काढून म्हणाले, "ही काय!"

"आणि उजेड?"

"दार हाय की."

बाईंनी छत्री मिटली. त्यांनी चटई दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात घातली आणि आम्हाला तिच्यावर बसवलं. ऊन सरकलं की आम्ही सरकायचो. मधे बारकी पोरं, कडेला मोठ्या. आक्का सगळ्यात कडेला, अर्धी अंधारात, पाटी तिरकी धरून लिहायची. माझं डोकं आडवं आलं की चिमटा काढायची, पण मला उठवून माझ्या जागी कधी बसली नाही. थंडीच्या दिवसांत तिला जोडाक्षरं यायला लागली, आणि पोथीतली राणी एकदाची रानातून बाहेर पडली. चाळायला बसलेल्या बायकांनी त्या दिवशी तिला गूळ दिला.

मग तंबाखूची कापणी झाली. पाला रानात वाळायला पडलेला, आणि दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस. तंबाखू भिजली की वर्ष गेलं, हे मलाही कळत होतं. सगळा गाव रानात धावला, आणि रानातून गाड्या भरभरून कुठं आला? शाळेत! पाटीफळा बाहेर, तंबाखू आत. पहिली गाडी आमच्या आप्पांची. "एका दिवसाचा सवाल हाय," म्हणाले.

पाऊस गेला, ऊन पडलं, तंबाखू आपली शाळेतच. का, तर व्यापारी आला नव्हता. का, तर घरात जागा नाही. का, तर इथं कशी छान राहतीया! राहणारच की. वखारच बांधली होती तुम्ही.

बाईंनी आम्हाला देवळापुढच्या झाडाखाली बसवलं. तर तेच बापये आले, "पोरी उघड्यावर बसवायच्या न्हाईत." मग बाईंच्या खोलीत बसवलं. तिथं चुलीशेजारी आम्ही किती मावणार? हळूहळू पोरी येईनाशा झाल्या. शाळा तपासणारे डिपोटीसाहेब येणार होते, आणि शाळा भरत नाही असं दिसलं तर शाळा बंद आणि बाईंची बदली, हे ठरलेलं. बाई चावडीवर जाऊन हे सांगून आल्या. पंच म्हणाले, "बघू की, बाई." आमच्या गावात "बघू की" म्हणजे नाही.

त्यातच जांबोटीकडचे पुन्हा आले. आप्पांनी सुपारी फोडली.

त्या दिवशी आक्का पहिल्यांदा आप्पांपुढं उभी राहिली. "आप्पा, चौथी हुईस्तवर म्हणालता."

"शाळा चालू असली तर म्हणालतो. हाय का चालू?"

"तंबाखू काढली की चालू हुईल."

"व्यापारी आल्याबगार कुठं काढू गं पोरी?" आप्पा अगदी मायेनं म्हणाले. माणूस स्वतः दार अडवून बसतो आणि वर म्हणतो, दार बंद हाय, मी काय करू! मी लहान होते, पण त्या क्षणी त्यांच्या ताटातली भाकरी उचलून कुत्र्याला घालावी असं मला वाटलं.

आईनं हे सगळं चुलीपुढनं ऐकलं. थोड्या दिवसांनी शाळेतल्या तंबाखूत ऊब धरायला लागली. ओल लागलेला ढीग उलथापालथा करावा लागतो, चाळावा लागतो, नाहीतर आतून तापतो आणि बुरशी येते. हे काम बायकांचं. आमच्या मुलखात बापयानं चाळणीला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. आप्पांनी निरोप दिला, बायकांनी या. बायका आल्या, आणि शाळेबाहेर ओळीनं बसल्या.

"आत चला की," आप्पा म्हणाले.

आई म्हणाली, "आत कसं येणार? शाळा हाय ती. आमी अडाणी बायका, आमचं काय काम शाळंत?"

बापये आधी हसले. मग वैतागले. एक जण ओरडला, "मुडदा बशिवला तुमचा, तंबाखू सडंल!" बायका जागच्या हलल्या नाहीत. उलट एकीनं आक्काला हाक मारली, "आण गं पोथी." आक्का दारासमोर बसून वाचायला लागली. आता ती कुठं अडत नव्हती.

शेवटी बापये स्वतः आत शिरले. चाळणी कशी धरायची ठाऊक नाही, तोंडाला फडकं बांधायचं सुचलं नाही, आणि खिडकी नाही! तंबाखूच्या धुळीचा खकाणा उठला तो बाहेर जाणार कुठून? शिंकून शिंकून, डोळे लाल करून, एकमेकांवर आदळत सगळे दारातून बाहेर पडले. गवंडी तर पायरीवर बसून रडत होता, खरंखुरं पाणी गळत होतं. माझ्या आयुष्यात एवढं सुख मला फार थोड्या वेळा मिळालंय.

दुसऱ्या दिवशी तंबाखू निघाली. ज्याच्या त्याच्या सोप्यात, गोठ्यात, माळ्यावर जागा सापडली. इतके दिवस नव्हती म्हणे! तरी बायका उठेनात. आईनं पहार मागवली. "आता खिडकी," म्हणाली, आणि रस्त्याकडच्या भिंतीला पहार लावली. गवंडी घाबरून धावत आला, "वैनी, सरका, भिंत पडंल!" त्यानंच मग दगड काढले, वर फळी टाकली, लाकडी गज बसवले. डिपोटीसाहेब आले तेव्हा आम्ही पोरी उजेडात बसून पाढे म्हणत होतो. साहेब चार वेळा शिंकले, पण खुश झाले. गावानं खिडकीचासुद्धा विचार केला म्हणून त्यांनी आप्पांना शाबासकी दिली, आणि आप्पांनी ती घेतली! नारळही घेतला! डोक्यावर हात मारून घ्यावा नाही तर काय.

शाळा वाचली. बाई राहिल्या. आईनं त्याच दिवशी आप्पांना म्हटलं, "आता शाळा चालू झाली. जांबोटीला न्हाय म्हणून कळवा."

"सुपारी फुटलीया. दिलेल्या शब्दाला जागाय नको?"

"पोरीला दिलाता त्यो?"

आप्पांना खरंच कळलं नाही ती काय विचारतेय. परक्याला दिलेला शब्द मोडला तर चार लोकांत मान खाली जाते. घरातल्या पोरीला दिलेला मोडला तर कोण विचारतंय? आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, दोन दिवस चूल पेटवली नाही. पण लग्न वैशाखात झालंच.

आक्का पंचमीला माहेरी आली. दुपारी आमची शाळा भरली होती. मी खिडकीजवळ बसले होते, बाईंनी फळ्यावर धडा लिहिला होता आणि मला उठवून वाचायला सांगितलं होतं. एका जोडाक्षरावर मी अडले. तेवढ्यात माझ्या हातातल्या पाटीवर सावली आली, आणि मागून कुणीतरी हळूच तो शब्द सांगितला. वळून बघितलं तर खिडकीबाहेर आक्का. डोक्यावरून पदर, हातात हिरवा चुडा, दोन्ही हातांनी गज धरलेले, आणि डोळे फळ्यावर. बाई म्हणाल्या, "आत ये ना गं." ती मान हलवून नको म्हणाली, पण हललीही नाही. ओठ हलत होते. पुढचा सगळा धडा ती मनात वाचत होती.

आप्पा रस्त्यानं शेतावर निघाले होते. त्यांनी तिला बघितलं आणि थांबले. मला वाटलं, आता तरी काही उमजेल माणसाला.

"पोरी, सरक गं तिथनं," आप्पा म्हणाले. "उजेड अडतोय. आत पोरी शिकाय लागल्यात."

आक्कानं गज सोडले आणि ती बाजूला झाली. माझ्या पाटीवर उजेड पडला.