ताईचे दोन दिवस

नाशिकला, अंबडच्या आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या मैत्रिणी तिला दोन दिवस गोव्याला घेऊन गेल्या होत्या. ते फोटो मी सुट्टीत गावी घरी गेल्यावर ताईला दाखवले. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही ओट्यावर शेवंती निवडत बसलो होतो. ओला हात पदराला पुसून तिने मोबाइल जवळ घेतला आणि विचारलं, लग्नाआधी जाऊन ह्या तिथं करतात तरी काय? मी म्हटलं, काही नाही, खातात, पाण्यात खेळतात, झोपतात.

तिने ते फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग म्हणाली, "मला पण एकदा असं कुठंतरी जायचंय. काहीच नाय करायला."

ताईने माझ्याकडे काही मागितल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

वडिलांना लकवा मारला त्या वर्षी ताई दहावीला होती. ती पास झाली, पण पुढे शाळेकडे फिरकली नाही. फुलांचं वावर तिने आणि आईने अंगावर घेतलं. पहाटे तोडणी, मग क्रेट भरून नाशिकचा फुलबाजार, परत आल्यावर वडिलांचं अंघोळ-पाणी. मी तेव्हा चौथीत होते. मदत करावी म्हणून मी टोपली उचलली की ती माझ्या हातातून काढून घ्यायची आणि मला अभ्यासाला पिटाळायची. पुढे मला शहरातल्या कॉलेजात पाठवायचं ठरलं तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली. ताईने कुणाशी वाद घातला नाही, फक्त माझी गादी गुंडाळून टेम्पोत टाकली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पदवीच्या दिवशी मी तिला तो काळा डगला घालायला दिला होता. तिने तो घातला, लगेच काढला आणि नीट घडी करून परत दिला.

तिला स्थळं येत होती. आधी वडिलांच्या दुखण्यापायी, मग माझ्या शिक्षणापायी ती परत जात राहिली. तिशी ओलांडल्यावर स्थळांची जातच बदलली. शेवटी सटाण्याकडचं एक आलं. बिजवर. माणूस सरळ, खताबियाण्याचं दुकान, बायको आजारात गेलेली, सहा वर्षांची एक मुलगी. ताईने एका भेटीत होकार दिला. मी कारण विचारलं तर म्हणाली, मुलगी येऊन मांडीवर बसली, मग नाही कसं म्हणायचं?

गोवा लांब पडत होता. मी बोर्डी ठरवली. जव्हारच्या घाटातून उतरलं की समुद्र, गर्दी कमी आणि राहायला चिकूच्या वाडीतली घरं. आम्ही दोघी, आमची चुलत बहीण आणि फुलबाजारात हार ओवणारी ताईची मैत्रीण अशा चौघी जाणार होतो. दिवाळी सरली होती, झेंडू आटोपला होता, तुळशीचं लग्न होऊन पंधरवड्याने ताईचं लग्न होतं. हे नक्की काय असतं ते आईला समजावताना माझी तारांबळ उडाली. शेवटी म्हटलं, केळवणच समज, पण मैत्रिणींनी केलेलं आणि परगावी.

"मग वाढणार कोण?" आईने विचारलं.

हॉटेलवाला, असं सांगितल्यावर तिला ते केळवण काही पटलं नाही. समुद्र एकदा बघितला की झालं, दोन दिवस काय बघत बसायचं, असंही तिचं म्हणणं होतं. पण साखरपुडा झालेला, लेक आता त्यांची, म्हणून तिने सटाण्याला फोन करून विचारलं. त्यांनी आनंदाने जा म्हटलं.

नाशिकच्या मेनरोडवरून मी ताईला चाकांची बॅग आणली. ती तिची पहिलीच. लग्नाकार्याला ती आजवर कापडी पिशवी घेऊन गेलेली. शनिवारी मी ऑफिसातून गावी आले तर तिने बॅग भरून ठेवली होती: चादर, तांब्या, पोह्यांची पुडी, शेंगदाण्याची चटणी, दोरी, चहाचं पातेलं. मी एकेक वस्तू बाहेर काढत गेले, तिथं मिळतं म्हणत गेले.

"चादर पण मिळती?"

"चादर पण."

"मग आपण काय न्यायचं गं?"

"तू फक्त स्वतःला ने."

तिला ते इतकं विनोदी वाटलं की तिने आईला हाक मारून सांगितलं.

कॉलेज रोडवरून मी तिला एक निळा, पायघोळ, बिनबाह्यांचा मॅक्सी घेतला होता. आतल्या खोलीची कडी लावून तिने तो घातला आणि कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली. तोडणीला ती साडीवर वडिलांचा जुना शर्ट घालते, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. त्यामुळे तिचे हात कोपरापर्यंत काळेभोर आणि वर अगदी गोरे. "दोन बायांचे हात जोडल्यावाणी दिसतंय," असं म्हणून ती हसली, पण मॅक्सी लवकर काढेना. चौघींसाठी मी टी-शर्टही छापून घेतले होते. ताईच्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत 'नवरी'. तो तिने छातीशी धरून पाहिला. हार ओवणारी मैत्रीण म्हणाली, आता हिला लग्नात कुंकू नको, हेच घालून उभी करा.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ताईच्या होणाऱ्या सासूचा फोन आला. बाई बोलायला गोड. त्यांच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. समुद्राचं ऐकल्यापासून नात हट्ट धरून बसली आहे, आम्ही पत्रिका वाटण्याच्या गडबडीत, तर तिलाही न्या, तेवढीच तुमची सवय होईल. ताई उभ्याउभ्या ऐकत होती. हो, पाठवा की, असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी, फक्त मैत्रिणी जाणार आहेत असं सांगते. पोरीला लग्नानंतर नेऊ.

ताई बॅगेपाशी बसली होती. "आणि तिनं काय ऐकायचं? नवी आई आपल्याला सोडून मजा करायला गेली?"

मी उचललेला फोन परत खाली ठेवला.

तिने बॅग नव्याने भरायला घेतली. मॅक्सी बाहेर आला. त्याच्या जागी छोटा टॉवेल, कानटोपी, खोकल्याचं औषध, बिस्किटं. मुलगी कधीकधी अंथरूण ओलं करते असं सासूबाई म्हणाल्या होत्या, म्हणून रबरी कापडाचा तुकडा. 'नवरी'चा टी-शर्ट तिने कपाटात ठेवला. मुलगी आता वाचते, म्हणाली, घरी जाऊन सांगेल. मी मॅक्सी परत आत कोंबला. तिने तो काढून माझ्या हातात दिला, "तू घाल, तुझ्यावर चांगला दिसंल." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सहन झालं नाही. मी मोरीत जाऊन उगाच नळ सोडला.

सकाळी मुलीचे वडील तिला नाशिकला आम्ही ठरवलेल्या गाडीपाशी सोडून गेले. पाठीला दप्तराएवढी पिशवी, दोन वेण्या, गंभीर चेहरा. ती ताईला कोणत्याच नावाने हाक मारत नव्हती. काय म्हणायचं ते तिला कुणी सांगितलं नसावं. नुसती ओढणी ओढायची. घाटात तिला दोनदा उलटी झाली. ताईने गाडी थांबवून तिचं तोंड धुतलं, कपडे बदलले आणि पुढचा सगळा रस्ता तिला मांडीवर घेऊन काढला.

समुद्र बघून मुलगी घाबरली. पहिली लाट पायाला लागताच किंचाळली आणि ताईच्या कमरेला चिकटली. ताईचे घोटेही पुरते भिजले नव्हते. ती तशीच मागे फिरली. आम्ही तिघी पाण्यात गेलो, पण थोड्याच वेळात आम्हाला एकमेकींकडे बघवेना. चुलत बहिणीने मुलीला शहाळं दाखवलं, घोडागाडी दाखवली. ती ताईचा हात सोडेना. त्या लेकराचा काय दोष? आई गेल्यावर कोणाचा हात सोडायचा नाही, एवढं तिला कळलं होतं. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. परत निघायला थोडा वेळ उरला होता. ताई सुरूच्या सावलीत वाळूवर बसलेली, मुलगी तिच्या मांडीवर झोपलेली. मी ओल्या कपड्यांनी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "दे माझ्याकडे. तू जा. अर्धा तास तरी जा, ताई."

मी हात पुढे केले. मुलगी झोपेतच चुळबुळली आणि तिने ताईचा कुडता मुठीत धरला.

"तू मला मोकळं बसवायला आणलं, कळतं मला," ताई म्हणाली. "पण मला ते येतच नाय गं. मला वाटायचं, येत असंल."

मला हुंदका आला.

"हळू. उठंल ती."

ती पाण्याकडे बघत होती. बाकीच्या दोघी लाटेखाली वाकून पुन्हा वर येत होत्या. बघताबघताच तिचा हात मुलीच्या तळपायांना लागलेली वाळू झाडत होता.