कॉलरवरचा धागा

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या वाटेवर, फ्लेक्स छापायच्या दुकानात मी बरीच वर्षं संगणकावर बसतो. वाढदिवस, वास्तुशांत, अभिनंदनं आणि श्रद्धांजल्या. या कामातल्या चार युक्त्या मी कुणालाही न विचारता ऐकवतो. नावाच्या अक्षरांना पांढरी कड द्या, मागे कसलाही रंग असला तरी नाव उठून दिसतं. छपाईला देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाका, नाहीतर मशीनवाल्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि शिव्या आपल्याला बसतात. डाग पुसायचा तर त्याच्या शेजारचीच कातडी उचला, गालाची कपाळाला लावू नका. आणि सगळ्यात आधी फोटोची कॉपी करा, मूळ फोटोला हात लावू नका. ही शेवटची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की दुकानात माझी नक्कल करतात.

श्रद्धांजलीच्या कामात आणखी एक भानगड असते. साध्या माणसाचा एकट्याचा चांगला फोटो सहसा नसतोच. कुठल्यातरी लग्नातला असतो आणि शेजारी कुणीतरी उभं असतं. हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस ठेवत नाहीत, त्यामुळे शेजारच्याला पुसावं लागतं. बहुतेक वेळा ती बायको असते. अशा किती बायका मी पुसल्या असतील, कधी विचारही केला नाही.

मग माझे वडील गेले. ते टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. त्यांचा आणि आईचा मिळून एकच फोटो होता, मोहोळच्या एका लग्नात माझ्याच फोनवर काढलेला. नवा शर्ट घातला तरी वडिलांच्या कॉलरवर सुताचा धागा होताच, आणि मी फोटो काढला नेमका तेव्हा आई तो धागा काढायला हात नेत होती. एरवी फोटो म्हटलं की ती आत पळायची.

"मला त्यातनं काढायला लागंल, ठावं हाय मला," आई म्हणाली. "पन आमचा दोघांचा बी ऱ्हाऊ दे बाबा तुझ्याकडं. तेवढा एकच हाय."

मी मान डोलावली. फोन भरला होता, म्हणून फोटो कॉपी न करता कट करून घरच्या संगणकावर घेतला. बाहेर पाहुणे खोळंबले होते, मला रडू आवरत नव्हतं. आईला पुसलं. खांद्याशी आलेला तिचा हात पुसताना शर्टाच्या रेषा अशा जुळवल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते. मग सगळे लेयर एक केले, त्याच नावानं सेव्ह केलं आणि संगणक बंद केला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आईनं दोघांचा फोटो मागितला. फाईल उघडली, तर वडील एकटेच उभे. हरवलेल्या फायली परत आणणारे प्रोग्रॅम चालवले, नातेवाइकांचे फोन धुंडाळले. आठवडाभर आईला "शोधतोय" म्हणून थापा मारल्या. शेवटी तिच्यासमोर बसून खरं सांगून टाकलं. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर मला सोसलं असतं.

ती उठून भिंतीवरच्या फोटोजवळ गेली आणि काचेला डोळे लावून बराच वेळ बघत राहिली. मग बोटाच्या नखानं काच खरवडायला लागली. मी जवळ जाऊन पाहिलं. हात पुसला होता, पण कॉलरवरचा धागा माझ्याकडून राहून गेला होता.

"ह्यो तसाच ऱ्हायला की रं," आई म्हणाली. "मी काढतच हुते."