विमानाचा फोम आणि रायपूरची ऑर्डर

छत्तीसगड वेगळं व्हायचं ठरलं, सरकारी माणसांची वाटणी सुरू झाली आणि आमच्या ह्यांचं नाव रायपूरच्या बाजूला पडलं. त्या वर्षी आमच्या घरात बोलणं चाले ते फक्त फोमचं. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत आमच्या गल्लीत ऑर्डर आलेली आणखीही घरं होती. तिथे रडारड, भांडणं, भोपाळच्या ओळखी काढणं, सगळं रीतसर चालू होतं. मला त्या बायकांचा हेवा वाटायचा. आमचे हे ऑफिसातून यायचे, हातपाय धुवायचे आणि पलंगाखालून पांढऱ्या तुकड्यांचा ढीग बाहेर ओढून बसायचे.

ह्यांना रेडिओच्या रिमोटवर उडणारं छोटं विमान बांधायचं होतं. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये लागलेलं वेड. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी घर आवरताना आपला जुना रेडिओ सेट आणि बॅटरीवरची मोटर ह्यांना देऊन टाकली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. मोटर अशक्त होती. लाकडाचं विमान तिला पेलणार नव्हतं, म्हणून फोमचं करायचं. इथपर्यंत मलाही पटलं. पण फोम म्हणजे थर्मोकोल आणि थर्मोकोल म्हणजे ते पांढरं, करकर वाजणारं, एवढंच माझं ज्ञान. ते ह्यांनी मोडीत काढलं.

बाजारात सर्रास मिळतो तो दाण्यांचा. मोडला की साबुदाण्यासारखे दाणे सुटतात आणि घरभर पसरतात, केरसुणीला चिकटतात, वरणातही सापडतात. दाणा जितका मोठा तितका फोम ठिसूळ. टीव्हीच्या खोक्यात येतो तो दुसरा, मऊ, गुंडाळता येणारा; त्याचे पंख केले तर जागेवरच लोंबतील. परदेशी यंत्रांच्या पॅकिंगमध्ये क्वचित तिसरा निघतो. दाणे त्यालाही असतात, पण वाकवला तर तुटत नाही, दाबला तर पडलेला खड्डा परत भरून येतो. मात्र त्याला ताठपणा नाही. आणि चौथा, ज्याच्यासाठी हे झुरत होते, तो बिनदाण्यांचा. कापला की आतून खव्याच्या वडीसारखा एकसारखा, हलका आणि ताठ. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत घालतात तो; ग्वाल्हेरात कुठे मिळत नव्हता.

म्हणून मग जो मिळेल तो तपासणं. हे सिंचन खात्यात इंजिनिअर. सिमेंट पास करावं तसा फोम पास करायचे. आधी कोपरा मोडून भिंगातून बघायचं, मग अंगठ्याने दाबायचं, मग माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं, मग मागच्या अंगणात पेट्रोलचा थेंब टाकून कितपत विरघळतो ते पाहायचं. एकही नमुना पास होत नसे. महाराज बाड्याच्या मागे सजावटीचं सामान विकणाऱ्या दुकानात ह्यांनी तीन तावांचे कोपरे मोडले, तेव्हा दुकानदार उठून उभाच राहिला. "भाईसाहब, थर्मोकोल तो थर्मोकोल होता है! लेना है तो लो, तोड़ो मत!" मी पदर सावरत सवारीच्या टेम्पोकडे निघाले. हे मागून सांगत आले, "बघितलंस? दाणे केवढे होते त्याचे!"

मला दाणे बघायचे नव्हते. मला एकच गोष्ट ह्यांच्या तोंडून ऐकायची होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत मी शिकवत होते, कितीतरी वर्षांच्या खटपटीनंतर कायम झाले होते. ती नोकरी सोडून रायपूरला जायचं, की मी आणि सासूबाई इथे आणि हे तिथे? मी विचारलं की हे म्हणायचे, "बघू." एकदा मी जेवायच्या ताटावरच हटून बसले. "अहो, रायपूरचं काय?" तर विचार करून म्हणाले, "रायपूरला कोल्ड स्टोरेज असतील मोठी. तिथे बिनदाण्यांचा मिळून जाईल." मी वाटी आपटली. ह्यांनी आणखी भात मागितला.

मध्ये एकदा कंटाळून बाजारातल्या फोमचे पंख कापले आणि चांभाराकडचं सोल्युशन लावून जोडले. हे चहा प्यायला आत आले, परत गेले तर पंखाला अनारशासारखी जाळी पडलेली. सोल्युशनने फोम खाल्ला होता. पेट्रोलचे एवढे थेंब टाकून बघणाऱ्या माणसाला हे सुचू नये! खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मी दोन वेळा जाऊन तो पंख बघून आले.

गणपती झाले. आमचं मखर सासऱ्यांच्या वेळचं. दर वर्षी त्याच्यावर नवा सोनेरी कागद चढवायचा आणि विसर्जनानंतर ते माळ्यावर टाकायचं, ही घरची पद्धत. त्या वर्षी मखर उतरवताना पाठीचा कागद फाटला आणि हे तिथेच थबकले. नखाने खरवडलं. कान लावून टिचकी मारली. मग एवढ्या मोठ्याने ओरडले की मला वाटलं विंचू चावला.

"अगं, बिनदाण्यांचा! हा बिनदाण्यांचा आहे!"

सासऱ्यांनी कोण्या कोल्ड स्टोरेजच्या बांधकामातून उरलेली फोमची लादी आणली होती म्हणे. आम्ही दर वर्षी तिला खळ लावून कागदात गुंडाळत होतो आणि हे अख्खं लष्कर पालथं घालत होते. मी हसावं की रडावं!

पण देवाचं मखर कापायचं तर सासूबाईंना विचारायला हवं. हे लादी हातात धरून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"काप ना," त्या म्हणाल्या. "पण आधी हे सांग, पुढच्या वर्षी गणपती कुठे बसणार? इथे की तिकडे?"

"बघू, आई."

सासूबाई कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला.

"हेच बोलले होते तुझे वडील! ग्वाल्हेरची राजधानी गेली, ऑफिसं उठून भोपाळला चालली, तेव्हा तू पाळण्यात होता. रोज बघू, बघू, आणि एक दिवस बिस्तर बांधून गेले. तिथे खोली घेतली, हाताने कच्च्या पोळ्या करून खात राहिले. सगळे मला नावं ठेवायचे, बायको गेली नाही म्हणून. अरे, मला कोणी विचारलंच कुठे? विचारलं असतं तर मी गेली असती!"

एवढी वर्षं त्या घरात राहून मी हे पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, आता तरी हे लादी खाली ठेवतील, बसतील, दोन शब्द बोलतील. हे लादी घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले आणि थोड्याच वेळात करवतीचा आवाज यायला लागला. मी कपाळावर हात मारून घेतला.

विमान मात्र झालं. सुताराचा पांढरा डिंक लावून, रंगबिंग न देता. रायपूरला रुजू व्हायच्या आधीच्या रविवारी सकाळी ह्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं, विमान माझ्या मांडीवर दिलं आणि आम्ही हिवाळ्यात मेळा भरतो त्या, एरवी ओस असणाऱ्या मैदानावर गेलो. मला का नेलं ते तिथे गेल्यावर कळलं. विमानाला चाकं नव्हती. असलं विमान हातानेच सोडायचं असतं आणि सोडणाऱ्या माणसाचे हात रेडिओवर नसतात.

"वाऱ्याकडे तोंड कर. नाक सरळ. फेकू नकोस, ढकल."

मी ढकललं. विमान नाकावर आपटलं.

"तुझा हात घाबरतो."

"माझा हात? तुमचं विमान घाबरतं!"

परत, परत. माझा खांदा भरून आला, मला शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या आणि मी ह्यांना तसं सांगितलंही, चांगलं ओरडून. त्या रागातच पुन्हा ढकललं आणि ते गेलं. खरंच गेलं. मेळ्याच्या बंद दुकानांवरून वळलं, आमच्या डोक्यावरून परत आलं आणि पलीकडच्या बाभळीत उतरलं.

हे काटे काढत विमान घेऊन आले. फोमकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे एकट्याचं काम नाही," म्हणाले. "रायपूरला कोण सोडणार?"

"ऑफिसात शिपाई असेल."

"शिपाई नको." मग पंखातला आणखी एक काटा उपटला. "तू येशील का? नाही आलीस तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही. पण विचारतोय."

महिनोन् महिने माझी उत्तरं तयार होती. नोकरी, घर, सासूबाई, तुमचा हा स्वभाव. त्या उत्तरांऐवजी रडू फुटलं आणि त्या रडण्याचाच राग आला.

"शाळेचं वर्ष संपेपर्यंत नाही," मी म्हटलं. "मग येईन. आणि आईंना तुम्ही विचारायचं. मी नाही."

"काय म्हणू?"

"मला म्हणालात तेच."

घरी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. हे पायातले बूटही न काढता त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

"आई, मी रायपूरला चाललोय. तू येशील का माझ्याबरोबर?"

"काय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना सगळं स्पष्ट ऐकू यायचं.

ह्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही यायची मी. या वयात कुठे ते रायपूर," त्या म्हणाल्या आणि हातातली जुडी बाजूला ठेवली. "पण विचार परत."

ह्यांनी परत विचारलं.